नवी पॉइंट टू-टू रायफल: साइटला हात लावण्याआधी

एअर रायफलवर दोन-तीन वर्षे घालवली, प्रशिक्षकांनी आता पन्नास मीटरवर जायला सांगितले, परवाना हातात आला आणि एका दुपारी स्वतःच्या नावाची पॉइंट टू-टू (.२२ इंच कॅलिबरची) रायफल पेटीतून बाहेर निघाली, की त्यानंतरचा आठवडा बहुतेकांचा एकाच पद्धतीने जातो. पहिल्या दिवशी पाच गोळ्या झाडल्या जातात, त्या काळ्या वर्तुळाच्या डावीकडे खाली कुठेतरी लागतात, आणि नवा मालक नेम धरायच्या मागच्या साइटची चकती फिरवू लागतो. दुसऱ्या दिवशी गोळ्या उजवीकडे जातात, चकती उलटी फिरते, आणि तिसऱ्या दिवशी रायफलच सदोष असल्याची त्याची खात्री पटते. या लेखाचा सगळा रोख तुमचा हात त्या चकतीपासून काही दिवस दूर ठेवण्यावर आहे. साइट जुळवणे हे शेवटचे काम आहे. त्याआधी रायफल स्वच्छ असली पाहिजे, घट्ट असली पाहिजे आणि तुमच्या अंगाला बसलेली असली पाहिजे.

येथे रायफल म्हणजे पन्नास मीटरच्या स्पर्धेची, एका वेळी एकच काडतूस भरायची, मागे डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, आणि पुढे रिंग असलेली रायफल समजावी. उल्मची अ‍ॅन्शुट्झ किंवा वॉल्थर असो, ओबर्नडॉर्फची फाइनवर्कबाऊ असो किंवा रेंजवरच्या एखाद्या ज्येष्ठ सदस्याकडून घेतलेली तीस वर्षांपूर्वीची जुनी रायफल असो, क्रम तोच राहतो. सूचना उजव्या हाताच्या नेमबाजासाठी लिहिल्या आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

पेटी उघडल्यावर

सर्वांत आधी कागद बघावेत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली मिळालेल्या परवान्यावर जो क्रमांक नोंदवला गेला आहे किंवा जाणार आहे, तो रायफलीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळतो का ते दिवसाच्या उजेडात तपासावे. ‘१’ आणि ‘७’ यांच्यातला गोंधळ कचेरीत नंतर निस्तरायला फार वेळ लागतो. ज्यांचा परवाना अजून यायचा आहे त्यांनी हा लेख वाचून ठेवावा आणि तोवर क्लबच्या रायफलीवर सराव करावा.

त्यानंतर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, मागे ओढून बाहेर काढावा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीची मागची जागा, रिकामे आहे याची डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने खात्री करून घ्यावी. पेटी कारखान्यातून आली आहे, तिला आजवर कोणी हात लावलेला नाही, हे कारण येथे चालत नाही. याच वेळी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामे असल्याची बाहेरून दिसणारी खूण, चेंबरमध्ये घालण्याची सवय लावावी, कारण स्पर्धेत रायफल पेटीतून काढल्यापासून ती फायरिंग लाइनवर वापरायला परवानगी मिळेपर्यंत तो फ्लॅग आतच असावा लागतो, आणि घरी ही सवय नसलेला माणूस स्पर्धेत नेमका तोच विसरतो.

नव्या नळीत बहुधा गंज रोखणारे दाट तेल असते. ते काढल्याशिवाय पहिली गोळी झाडू नये. सफाई नेहमी मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने करावी. चेंबरमध्ये सळईला सरळ ठेवणारी नळकांडी बसवावी, सळई एकाच दिशेने पुढे ढकलावी आणि टोकाची चिंधी किंवा फेल्टचा गट्टू मझलबाहेर, म्हणजे नळीच्या तोंडाबाहेर, पडल्यावर तो काढून घेऊनच सळई मागे आणावी. नळीचे पुढचे टोक हा तिचा सर्वांत नाजूक भाग असतो. तेथे सळई घासून पडलेला ओरखडा दिसत नाही, पण गोळी नळी सोडताना त्याची दखल घेते. दोन तेलकट आणि चार-पाच कोरड्या चिंध्या पुरेशा होतात. शेवटची चिंधी जवळजवळ पांढरी निघाली की थांबावे. पॉइंट टू-टूच्या नळीला नव्या उत्साहाने रोज घासण्याची गरज नसते, किंबहुना अति सफाईनेच अनेक नळ्या बिघडतात असे माझे मत आहे.

ठोका कडेवर बसतो म्हणजे काय

पॉइंट टू-टूचे काडतूस रिमफायर असते, म्हणजे त्याला मध्यभागी वेगळी टोपी नसते. ठिणगी पाडणारे मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटून ती चेंबरच्या काठावर चेपते, तेव्हा मिश्रण पेटते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या साध्या रचनेतून नव्या मालकाच्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली अशी की चेंबर रिकामे असताना ट्रिगर ओढला, तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तेथे हळूहळू खाच पडते, ज्यामुळे काडतूस नीट बसत नाही किंवा बाहेर निघताना अडकते. तुमच्या रायफलीत ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाविना ट्रिगर ओढण्याची, सोय आहे का, ते पुस्तिकेत बघावे. नसेल तर झाडलेले रिकामे काडतूस आत ठेवून सराव करावा, दर वेळी ते थोडे फिरवावे म्हणजे पिनला न चेपलेली कड मिळते, आणि अशी रिकामी काडतुसे जिवंत काडतुसांच्या डबीजवळही ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट काडतूस न पेटण्याची. ठोका बसला, आवाज झाला नाही, तर रायफल लक्ष्याच्या दिशेनेच धरून सावकाश तीस सेकंद मोजावेत आणि मगच बोल्ट उघडावा, कारण क्वचित एखादे काडतूस उशिरा पेटते. ते काडतूस खिशात न ठेवता रेंज अधिकाऱ्याकडे द्यावे.

तिसरी गोष्ट मेणाची. गोळी मऊ शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. पन्नास काडतुसे भरली की अंगठा आणि तर्जनी काळपट, चिकट होतात. मे महिन्यात दुपारी डबी उन्हात राहिली तर हा थर मऊ पडतो, वाऱ्याने उडालेली धूळ त्याला चिकटते आणि ती धूळ गोळीबरोबर नळीत जाते. म्हणून डबी सावलीत, झाकण लावून ठेवावी. हाताला लागलेले हे मिश्रण शिशाचे असते, त्यामुळे कँटीनमधल्या वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे हा रायफल जुळवण्याचाच एक भाग समजावा.

दोन स्क्रू

माझ्या पहिल्या रायफलीची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. तीन संध्याकाळी मी साइटची चकती फिरवत बसलो होतो. गोळ्या एकदा वर जात, एकदा खाली, आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, कधी रुपयाच्या नाण्याएवढा तर कधी बशीएवढा येई. चौथ्या दिवशी शेजारच्या लेनवरचे एक ज्येष्ठ नेमबाज उठून आले, त्यांनी नळी एका हाताने आणि लाकडी स्टॉक दुसऱ्या हाताने धरला, हलकेच पिळ दिला आणि म्हणाले, “अरे, हे ऐकू येतंय का तुला? आधी ती चकती सोड आणि अ‍ॅलन की आण.” खरोखरच बारीक ‘टक्’ असा आवाज येत होता. नळी आणि अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसलेला भाग) स्टॉकला धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पुढचा अर्धा फेरा सैल होता. विक्रेत्याने रायफल तपासणीसाठी उघडली होती आणि बसवताना पुरती आवळली नव्हती.

अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये दर वेळी जशीच्या तशी बसली, तरच नळीचे कंपन दर वेळी सारखे राहते, आणि त्याची जबाबदारी या दोन स्क्रूंवर असते. किती आवळायचे हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये आकडा दिलेला असतो. तो समजा ५ असेल तर टॉर्क रेंच आधी ३ वर लावून दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळावेत, मग ५ वर लावून पुन्हा आळीपाळीने. रायफल या वेळी उभी, बट जमिनीवर टेकवून ठेवावी म्हणजे अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनाने जागी बसते. आकडा मिळत नसेल तर क्लबमधल्या शस्त्रदुरुस्ती जाणणाऱ्या माणसाला विचारावे. जोर लावून आवळलेला स्क्रू सैल स्क्रूइतकाच त्रास देतो, आणि लाकडी स्टॉक असेल तर लाकूड दाबले जाऊन तो त्रास कायमचा होतो. हे झाल्यावर पुढच्या साइटची टनेल (रिंग बसते ते नळकांडे), मागच्या साइटचा पाया, खांद्याला टेकणाऱ्या बट-प्लेटचे आणि गाल टेकायच्या चीक-पीसचे स्क्रू तपासावेत. पहिल्या दोनशे गोळ्यांनंतर हा सगळा फेरा पुन्हा एकदा करावा.

अंगाला बसवणे

आता वेळ लागणारे काम येते, आणि यासाठी एकही काडतूस लागत नाही. घरात सतरंजी अंथरून, समोरच्या भिंतीवर छोटे काळे वर्तुळ चिकटवून, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून, प्रोन म्हणजे पालथे झोपून सुरुवात करावी. थ्री-पोझिशन या तीन अवस्थांच्या स्पर्धेत क्रम नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग (उभे राहून) असा असला, तरी रायफल समजून घ्यायला प्रोनसारखी दुसरी अवस्था नाही, कारण तेथे अंगाची हालचाल सर्वांत कमी असते आणि चूक लपत नाही.

पहिल्यांदा बट-प्लेटची लांबी ठरवावी. बट कोपराच्या लवणीत टेकवल्यावर ट्रिगरवर बोटाचे पहिले पेर यावे, हा जुना ठोकताळा सुरुवातीपुरता चांगला आहे. बट फार लांब असेल तर खांदा मागे ढकलला जातो आणि मान ताणून डोळा साइटपर्यंत न्यावा लागतो. फार आखूड असेल तर गाल बोल्टच्या वाटेत येतो आणि प्रत्येक काडतूस भरताना डोके उचलावे लागते. डोळा आणि मागची साइट यांच्यात साधारण चार बोटांचे अंतर राहील असे बघावे. मग उंची. मान खाली वाकवून डोळा साइटच्या रेषेत आणावा लागत असेल, तर बट-प्लेट खाली सरकवावी, म्हणजे प्लेट खांद्यावर तशीच राहते आणि रायफल वर येते. डोके जितके ताठ, तितके डोळ्याला समोरचे सरळ दिसते. कपाळाखालून बघणारा डोळा दहा मिनिटांत थकतो.

चीक-पीसची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटावेत, डोके स्वतःच्या वजनाने गालावर सोडून द्यावे, मानेतला सगळा ताण काढून टाकावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या भोकात पुढची टनेल नेमकी मध्यभागी दिसली तर चीक-पीस योग्य आहे. खालची कड जाड आणि वरची बारीक दिसली, किंवा उलट, तर डोके नव्हे, चीक-पीस हलवावा. दहा वेळा डोळे मिटून उघडावेत. दहापैकी आठ वेळा तेच दिसेपर्यंत पुढे जाऊ नये, मग त्याला एक संध्याकाळ लागो की चार.

डाव्या हाताचा हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा सरकता टेकू) आणि स्लिंग (दंडाला रायफलीशी बांधणारा पट्टा) या दोन गोष्टी एकत्र जुळवाव्या लागतात. हँडस्टॉप पुढे सरकवला की डावा हात लांबतो आणि रायफल खाली येते. मागे घेतला की हात उभा होतो आणि रायफल वर जाते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रोनमध्ये डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करणारा हवा, तेव्हा सुरुवातीपासून त्याहून थोडा जास्तच कोन ठेवावा. स्लिंग इतकी घट्ट असावी की डाव्या हाताचे स्नायू सैल सोडले तरी रायफल जागेवर राहील. ती दंडावर चुकीच्या ठिकाणी आवळली गेली की रिंगमधले काळे वर्तुळ नाडीच्या ठोक्याबरोबर टुणटुण उडताना स्पष्ट दिसते. असे दिसले तर स्लिंग दंडावर बोटभर वर किंवा थोडी बाहेरच्या बाजूला फिरवून बघावी. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला आपल्या प्रकृतीचीच काळजी वाटली होती.

शेवटी नैसर्गिक रोख. सगळे जुळल्यावर वर्तुळावर नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि दुसरा सोडून झाल्यावर डोळे उघडावेत. रिंग वर्तुळाच्या डावीकडे गेलेली दिसली, तर हाताने रायफल उजवीकडे ढकलण्याचा मोह होतो. ढकललेली रायफल गोळी सुटण्याच्या क्षणी पुन्हा डावीकडे येते. त्याऐवजी डावा कोपर खिळ्यासारखा जागेवर ठेवून कंबर थोडी डावीकडे सरकवावी; रोख उजवीकडे वळतो. वर-खालचा फरक हँडस्टॉप दोन-चार मिलिमीटर सरकवून काढावा. एनसीसीत पंचवीस यार्डांवर पॉइंट टू-टू झाडलेल्या वाचकांना आठवत असेल, उस्तादांचा सगळा भर गोळ्या कुठे लागतात यापेक्षा त्या एका जागी लागतात का यावर, म्हणजे ग्रुपिंगवर असायचा. ते ग्रुपिंग या नैसर्गिक रोखातून येते.

रायफल तिरकी धरली जाते का हेही घरीच बघावे. भिंतीवर गवंड्याचा ओळंबा, किंवा दोरीला बांधलेली किल्ली, वर्तुळाशेजारी लोंबती सोडावी आणि पुढच्या टनेलमधल्या आडव्या खुणांशी तिची तुलना करावी. थोडा तिरकेपणा चालतो, पण तो दर वेळी तेवढाच हवा.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. पन्नास मीटर रायफलीला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून नवे लोक ते हलके करत सुटतात. कारखान्याने ठेवलेले वजन पहिले सहा महिने तसेच असू द्यावे. फक्त ट्रिगरचे पाते पुढे-मागे सरकवून बोट काटकोनात, सरळ मागे ओढले जाईल एवढे करावे. आतल्या बाकीच्या स्क्रूंना प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय हात लावू नये. चुकीने जुळवलेला ट्रिगर बोल्ट बंद करतानाच सुटू शकतो.

आता साइट

रेंजवर पहिले काम गोळीविना होते. रायफल टेकणीवर किंवा वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी, बोल्ट काढावा, मागून नळीतून बघून पन्नास मीटरवरचे काळे वर्तुळ नळीच्या मधोमध आणावे. रायफल न हलवता साइटमधून बघावे आणि रिंग त्याच वर्तुळावर येईपर्यंत चकत्या फिरवाव्यात. एवढ्याने पहिली गोळी कागदावर तरी लागते.

पुढच्या रिंगचा आकार नवखे लोक फार लहान घेतात, कारण वर्तुळाला घट्ट बसणारी रिंग अचूक वाटते. लक्ष्याचा काळा भाग ११२.४ मि.मी. व्यासाचा असतो आणि पन्नास मीटरवरून तो रिंगमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा दिसतो. भोवती पांढरी कड ठळक दिसली पाहिजे, नाहीतर डोळा ती शोधत बसतो आणि गोळी उशिरा सुटते. ३.८ मि.मी.च्या आसपासच्या रिंगपासून सुरुवात करावी आणि शंका आली तर मोठी घ्यावी.

आता प्रोनमध्ये, अंगाला बसवलेल्या रायफलीने, पाच-दहा गोळ्या नुसत्या झाडाव्यात. तेल काढलेल्या नळीत मेणाचा थर बसेपर्यंतच्या गोळ्या कशाही जातात आणि त्यांच्याकडे बघून काही ठरवू नये. नंतर पाच गोळ्यांचा ग्रुप. मग आणखी एक. दोन्ही ग्रुप एकाच जागी आले तर, आणि तरच, चकतीला हात लावावा.

एका क्लिकने गोळी किती सरकते हे कोणाला विचारण्यापेक्षा मोजावे. आडवी चकती मोजून दहा क्लिक एका बाजूला फिरवावी, पाच गोळ्या झाडाव्यात आणि दोन ग्रुपांच्या मध्यांतले अंतर पट्टीने घ्यावे. समजा ते २० मि.मी. आले, तर तुमची एक क्लिक २ मि.मी.ची झाली. मग ग्रुपचा मध्य १८ मि.मी. डावीकडे आणि १० मि.मी. खाली असेल, तर नऊ क्लिक उजवीकडे आणि पाच क्लिक वर, असे साधे गणित राहते. चकतीवरच्या अक्षरांचा अर्थ मात्र अंदाजाने लावू नये. जर्मन साइटवर वरसाठी ‘एच’ आणि खालीसाठी ‘टी’ असते, आणि बाण गोळी कुठे न्यायची ते सांगतो की गोळी कुठे लागली ते, याबद्दल रेंजवर दोन माणसांची तीन मते असतात. दहा क्लिकची परीक्षा हा वाद पाच गोळ्यांत मिटवते.

मध्य काढताना सर्वांत बाहेरच्या गोळीमागे धावू नये. दहाचे वर्तुळ १०.४ मि.मी.चे आणि गोळी ५.६ मि.मी.ची, त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मि.मी.च्या आत आला की दहा मिळतात. आता वाऱ्याचा हिशेब बघा. काडतूस सुमारे ३२८ मीटर प्रति सेकंद वेगाचे असले, तर आडवा वारा सेकंदाला एक मीटर इतका मंद, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल असा असला, तरी पन्नास मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर सरकते. म्हणजे झाडाची पाने हलू लागली की दहाची गोळी नऊवर जाण्याची वेळ आलीच. म्हणून झिरो, म्हणजे साइटची ही पक्की जुळणी, शक्यतो सकाळी, झेंडे लोंबत असताना करावा. दुपारी वारा असताना केलेला झिरो दुसऱ्या दिवशी सकाळी खोटा ठरतो आणि चकत्यांचा खेळ पुन्हा सुरू होतो.

काडतुसे

वरचे सगळे एकाच प्रकारच्या, आणि जमल्यास एकाच लॉटच्या (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेच्या), काडतुसांवर करावे. गोळी पन्नास मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सें.मी. खाली येते, वेगात तीन मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी उंचीत दोन मिलिमीटरच्या वर फरक पडतो. एली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस ही नावे रेंजवर ऐकू येतील आणि प्रत्येक जण आपल्याच डबीची शिफारस करील. खरे सांगायचे तर प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही ती बदलते, आणि वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी बोगद्यात लॉट निवडायला जातात ते याचसाठी. तुम्हाला एवढ्यात ते करायचे नाही. आवाजाच्या वेगाच्या खाली राहणारे, मध्यम किमतीचे, भरवशाने मिळणारे एक काडतूस घ्यावे आणि पहिल्या हजार गोळ्या त्यावरच काढाव्यात. हाय व्हेलॉसिटी काडतुसे या रायफलीच्या कामाची नाहीत. आवाजाच्या वेगाजवळून खाली येताना त्यांची गोळी डळमळते. डबीवरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

ही वही म्हणजे साधी शंभर पानी वही. तारीख, वेळ, वारा, लॉट, बट-प्लेटची लांबी आणि उंची, चीक-पीसची उंची, हँडस्टॉपचा आकडा, स्लिंगचे भोक, रिंगचा आकार, साइटच्या क्लिक आणि झाडलेल्या गोळ्या. दर वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीच त्या दिवशीच्या ओळीत अधोरेखित करावी. स्टॉकवर मोजपट्टी नसेल तर पांढऱ्या रंगाच्या पेनाने बारीक खुणा कराव्यात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री-पोझिशनचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी मिळवले. त्या अंतिम फेरीतही एकच रायफल नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंगसाठी, मर्यादित वेळात, तीन वेगळ्या रीतींनी जुळवावी लागते. बट, चीक-पीस, हँडस्टॉप आणि साइट यांचे प्रत्येक अवस्थेचे आकडे लिहिलेले नसतील, तर ते जमत नाही. तुमच्या वहीतला प्रोनचा रकाना दोन आठवडे न बदलता राहिला, की नीलिंगचा रकाना आखायला घ्यावा.

घरी परतल्यावर

नळीतून एक कोरडी चिंधी फिरवावी, बोल्टच्या तोंडावरचा मेणाचा थर पुसावा, आणि घामाचे हात लागलेल्या प्रत्येक लोखंडी भागावरून तेलाचा पातळ हात फिरवावा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे एका दिवसासाठी टाळले तरी नळीवर तांबूस ठिपके येतात. रायफल फोमच्या पेटीत ठेवून झोपू नये. फोम ओल धरून ठेवतो. ती कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, मझल खाली करून उभी करावी म्हणजे जास्तीचे तेल ट्रिगरकडे उतरत नाही. बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसे तिसऱ्या. उरलेली काडतुसे मोजून, झाडलेल्यांची संख्या वजा करून आकडा वहीत लिहावा आणि परवान्यावरच्या नोंदीशी तो जुळतो का ते त्याच रात्री बघावे.